मेडिसिन ६० असलेल्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का?

धागाकर्ता
'कॉल ऑफ कथुलू' या भूमिका वठवायच्या खेळात पात्राच्या प्रत्येक कौशल्याला टक्के असतात; शंभराच्या फाशांवर तेवढे किंवा कमी पडले तर जमलं. त्याच्या सातव्या आवृत्तीत ५० ते ७४ टक्के म्हणजे व्यावसायिक, त्या कौशल्यावर पोट भरणारा. म्हणजे ५० वाल्या डॉक्टरचा निम्म्या वेळा हात चुकणार आणि तरी दवाखाना चालणार! परवा आमच्या सर्जनबाईंना (मेडिसिन ६०) ८७ पडले. शेजारच्या खेळाडूच्या टॅक्सीवाल्याचा प्रथमोपचार फक्त ३०, म्हणजे सगळ्या पात्रांना सुरुवातीलाच फुकट मिळतो तेवढाच. त्याला २२ पडले आणि जखमी उठून बसला. टेबलावर हसून हसून पोट दुखलं, पण बाईंचा खेळाडू नंतर तासभर गप्प होता. मला हे पटत नाही.

कीपर
चूक आकड्याची नाही, रोल मागणाऱ्याची, म्हणजे फासे टाकायला सांगणाऱ्या सूत्रधाराची आहे. रोजच्या सर्दी-खोकल्याला फासे टाकायचेच नसतात. धावत्या आगगाडीत, कंदिलाच्या उजेडात जखम शिवायची असेल तर टाका. ते ६० आणीबाणीतले. शिवाय रोल पुश करता येतो: वेगळं काय करणार ते सांगा, पुन्हा टाका, आणि परत चुकलात तर भोगा.

वीसमुखी
कीपर, हे सगळं पुस्तकात. खेळाडूच्या डोळ्यासमोर पात्राच्या शीटवरचा आकडाच असतो ना! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या दुसऱ्या खेळात तर कहर आहे. तिथे वीसमुखी फाशात पात्राचा आकडा मिळवायचा आणि डीसी, म्हणजे कामाचा ठरलेला अवघडपणा, गाठायचा. २०१४ची पाचवी आवृत्ती घ्या. पहिल्या लेव्हलचा क्लेरिक (पुजारी), बुद्धी १०, धर्मज्ञान शिकलेला: +२. बार्बेरियन (रानटी लढवय्या), बुद्धी ८: −१. डीसी १५ असेल तर क्लेरिकला ४० टक्के संधी, कुऱ्हाडवाल्याला २५. जन्म देवळात काढून कमाई काय, तर पंधरा टक्के! त्यापेक्षा १९७७चा 'ट्रॅव्हलर' हा खेळ बरा. मेडिकल-३ असेल तर तुम्ही डॉक्टर, विषय संपला.

जुना भिडू
ते पंधरा टक्केच तर मजा आणतात. आमच्याकडे देवळातली खूण क्लेरिकला ओळखता आली नाही, बार्बेरियनला आली. डीएमने (तिथल्या सूत्रधाराने) विचारलं, तुला कसं माहीत? तो म्हणाला, "आजीच्या हातावर हेच गोंदलेलं होतं." पुढची चार सत्रं आम्ही त्या आजीचं गाव शोधत होतो. आकडे चोख असते तर ही आजी जन्मलीच नसती.

धागाकर्ता
आजी मान्य, एकदम मान्य. पण क्लेरिकला आपल्याच देवाची खूण ओळखायला रोल कशाला? तिथे डीएमने सरळ सांगून टाकावं. फासे परक्या देवासाठी ठेवा. रविवारी आमच्याकडे असंच खेळणार आहोत, आणि सर्जनबाईंना साध्या जखमेला रोल नाही.

कीपर
अहो, मी पहिल्यापासून हेच सांगतोय!