गाडी आली की खाली कोण जातं? इंदूरकरांनो, लिहा

इंदूर पहिलं आलं, परत पहिलं आलं, हे ऐकून आता आपल्यालाच काही वाटेनासं झालंय. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ मध्ये पहिले आलो आणि मग जागा सोडलीच नाही. २०२३ मध्ये सुरतेसोबत मान वाटून घेतला, तेवढंच. पुण्या-नागपूरचे पाहुणे आले की राजवाड्याच्या आधी त्यांना रस्ता दाखवायची सवय लागली आहे आपल्याला.

हा धागा त्या कौतुकासाठी नाही. नगर निगमाचं, म्हणजे महापालिकेचं, काम कचऱ्याची गाडी दारात आली की सुरू होतं. त्याच्या आधीचं, म्हणजे ओलं-सुकं वेगळं करणं, दुधाची पिशवी धुणं, जुने सेल बाजूला ठेवणं आणि गाडीचं गाणं ऐकू आलं की हातातलं टाकून खाली धावणं, हे तुमच्या घरात कोण करतं? नियमात ही जबाबदारी घराची आहे. घरात ती कोणाची? आमच्या लोकमान्य नगरात मी गॅलरीतून बघते, तर डबे घेऊन उभ्या असतात त्या बहुतेक बायकाच. काका लोक दिसतात ते रविवारी.

अनुभव लिहा. मतं नंतर, भांडण सगळ्यात शेवटी.

पुण्याहून आलेली सून, सुदामा नगर

पुण्याला माहेरी 'स्वच्छ'च्या ताई थेट दाराशी यायच्या. ती कचरा वेचणाऱ्यांचीच सहकारी संस्था. ताई ओळखीच्या, दिवाळीचा फराळ ठरलेला. इथे गाडी रस्त्यावर थांबते आणि आपण जायचं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "पोहे गार झाले तरी चालतील, गाडी चुकायला नको." चौकातल्या मोठ्या पेट्या कधीच उचलल्या गेल्यात, त्यामुळे अंधारात हळूच नेऊन टाकायचीही सोय नाही. चुकली की पिशवी घरातच.

सासरे निवृत्त आहेत, गॅलरीत पेपर वाचत बसतात. गाणं सगळ्यात आधी त्यांनाच ऐकू येतं. मग ते आत बघून ओरडतात, "अगं, गाडी!"

निवृत्त कारकून, रामबाग

मी स्वतः खाली जातो, याची नोंद घ्यावी.

नोकरी जिल्हा कचेरीत गेली, म्हणून थोडं कागदावरचं सांगतो. आपण सगळं निगमावर ढकलून मोकळे होतो. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा नागरी संस्थांकडे आला हे खरं, पण ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांत बाकीच्यांनाही कामं वाटून दिली होती. त्याआधीचे २००० चे नियम नगरपालिकांच्या हद्दीपुरतेच होते, २०१६ ला ती कक्षा वाढली. २०१६ च्या त्या नियमांप्रमाणे घरवाल्याने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून द्यायचे, ठरेल ते शुल्क भरायचं, जाळायचं नाही, नाल्यात लोटायचं नाही. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवायची असतील तर कामाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं. (आपल्यातल्या किती जणांनी मुंजीच्या वेळी कळवलं? हात वर करा.)

आणि कलेक्टर? त्याच नियमांत त्याचं काम, प्रक्रिया केंद्रासाठी जमीन शोधून द्यायला मदत करायची आणि दर तिमाहीला स्थानिक संस्थांच्या कामाचा आढावा घ्यायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या सगळ्या प्रकरणात जमीन हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. गाडी दारात हवी असं म्हणणारी लाखो माणसं मिळतील, ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे कचरा टाकायची जागा, माझ्या गावाशेजारी करा म्हणणारा एकही मिळणार नाही.

शिक्षिका, देवगुराडियाच्या बाजूने येणारी

काकांचं शेवटचं वाक्य आमच्या भागाला विचारा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथे येऊन पडत होता. उन्हाळ्यात ढीग पेटायचे, धूर कुठवर जाईल ते वाऱ्यावर. गुटकेश्वर महादेवाला येणारे लोक नाकाला पदर लावून यायचे. इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक करताना ही किंमत कोणी धरत नाही, याचा मला राग आहे.

मग सुमारे १३ लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून ती जमीन मोकळी केली गेली. तिथेच १९ फेब्रुवारी २०२२ ला बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची, त्यातून साधारण १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत. सिटी बस त्या गॅसवर चालतात, हे वर्गात सांगितलं की मुलं खूश होतात. आम्ही मुलांना घेऊन बघायला गेलो तेव्हा समजावून सांगणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ यंत्रावर नाही, पिशव्यांवर घालवला. ओल्यात प्लास्टिक आलं तर ते आधी काढावं लागतं, कारण जिवाणूंना भाजीची देठं पचतात, शाम्पूची पुडी नाही. एका मुलीने तिथेच विचारलं, "म्हणजे आमची आई बरोबर ओरडते?"

तर धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर: आई.

वैशाली नगरचा मुलगा (वय ४६, तरी मुलगाच)

आमच्याकडे आजी अंथरुणाला खिळून होत्या. रोजचे डायपर. याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

सुरुवातीला आम्ही ते काळ्या पिशवीत, सुक्यात द्यायचो. गाडीवरच्या दीदीने एकदा पिशवी हातात तोलली आणि बाजूला ठेवली. ओरडली नाही. म्हणाली, "भैया, हे वेगळं द्या. कागदात गुंडाळा आणि सांगून द्या." गाडीला त्यासाठी वेगळा लहान डबा असतो, हे मला तेव्हा दिसलं. सुक्याच्या ढिगात पुढे माणसं हाताने निवड करतात. त्या हातांत काय जाणार हे माझ्या घरातून ठरत होतं.

त्यानंतर वर्तमानपत्रात बांधून, वर लाल खूण करून, मीच द्यायला जायचो. आजींना सांभाळणाऱ्या बाईंना ते काम लावणं मला जमलं नाही, पैसे देत होतो तरी. शेजाऱ्यांसमोर लाज वाटायची का? वाटायची. गाडीवरच्या दीदीला नाही वाटायची, तिला नुसतं काय आहे ते आधी कळायला हवं होतं.

एका निवासी संकुलाचा सेक्रेटरी

आमच्याकडे खाली कोणीच जात नाही. डबे दाराबाहेर ठेवायचे, वॉचमनची बायको मजल्यामजल्यावरून गोळा करते आणि तळमजल्यावर बसून निवडते. म्हणजे आमच्या १०० टक्के वर्गीकरणाचं श्रेय तिचं.

५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची शक्य तितकी विल्हेवाट आवारातच लावावी, असं २०१६ चे नियम सांगत होते. बिल्डरच्या नकाशात खताचे खड्डे होते. ताबा घेतला तेव्हा त्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग होतं आणि ते विकलेलंही होतं. आता खड्डे कुठे करायचे यावर सभा होतात. बागेजवळ नको, वास येईल. गेटजवळ नको, पाहुणे बघतील. मागे नको, तिथे तळमजल्यावाल्यांची खिडकी. या सगळ्यात मी एक ठराव मात्र मंजूर करून घेतला: निवडणाऱ्या बाईला वेगळा पगार, हातमोजे आणि बसायला ओटा. त्यावरही एक गृहस्थ म्हणाले, "पण ती घरीच तर असते!" इतिवृत्तात हे वाक्य मी जसंच्या तसं घातलं आहे.

बायपासपलीकडची

तुम्ही सगळे नशीबवान. पत्ता इंदूरचा, पिन कोड इंदूरचा, जाहिरातीत 'इंदूरमध्ये घर', आणि वसाहत ग्रामपंचायतीत. गाडी येते तेव्हा येते. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर लोक टाकतात आणि संध्याकाळी कोणीतरी काडी लावतं. मजा अशी की ही तीच माणसं आहेत जी शहरात नोकरीला गेली की शेवेच्या पुडीचा कागद खिशात घालून आणतात. मी पाहिलंय. चालान, म्हणजे दंडाची पावती, फाडणारा हद्दीपुरता असतो, आणि काही जणांची शिस्तही.

महूकर

आमच्याकडे निगमही नाही न् पंचायतही नाही, छावणी परिषद (कॅन्टोन्मेंट बोर्ड). तक्रार कुठे करायची हे समजण्यात अर्धी हौस संपते. बाकी ठीक.

गणेशोत्सव मंडळातली काकू, राजेंद्र नगर

निर्माल्य आम्ही वेगळं देतो. खजराण्याच्या गणपतीला फुलांचं खत होतं ते बघून आल्यावर मंडळात हा विषय सोपा झाला. अवघड गेलं ते जेवणाचं. प्रसादाला पत्रावळी की स्टीलची ताटं? ताटं आणली, तर धुणार कोण? (धागाकर्ती, तुमचाच प्रश्न.) सभेत सगळे पुरुष पर्यावरणावर छान बोलले. मी म्हटलं, ठराव मंजूर, आता धुणाऱ्यांची यादी करू आणि पहिली सात नावं या खोलीतली. शेवटी यादी झाली, धुतलीही त्यांनी, अर्ध्या ताटांना साबण राहिला होता. पुढच्या वर्षी परत तीच यादी लावली.

हळदीकुंकवाचं वाण हाही विषय घ्या कोणीतरी. प्लास्टिकच्या डब्या लुटणं थांबवून कापडी पिशव्या सुरू केल्या. आता प्रत्येक घरात कापडी पिशव्यांचा ढीग झालाय.

राजवाड्याजवळचा दुकानदार

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, संपली की दोनेक तासांत रस्ता धुतलेला असतो, हे जगाला दाखवायला आम्हाला आवडतं. त्या दिवशी गुलालात नाचायला सगळं इंदूर. सफाईवाल्यांनाही रंग आवडत असेल ना? माझ्या दुकानाच्या पायरीवर त्यातले काही जण झाडू बाजूला ठेवून वाट बघत बसतात, कपडे कोरडे. मी पाणी आणि कचोरी देतो. यापेक्षा काय करावं हे कोणाला सुचत असेल तर लिहा, मला खरंच हवंय.

धागाकर्ती

मंडळाच्या काकूंची यादी मी आमच्या मंडळात पाठवली आहे, दोन जणांनी गट सोडला. बायपासपलीकडच्या ताई, तुमच्या पंचायतीचं आणि काकांनी लिहिलेल्या तिमाही आढाव्याचं एकत्र काही करता येईल का? वसाहतीच्या सह्यांचा अर्ज कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनावणीत द्या. रामबागचे काका मसुदा लिहून देतील असं मी परस्पर जाहीर करते.

निवृत्त कारकून, रामबाग

देतो. जळणाऱ्या प्लॉटचे फोटो तारखेसह जोडा, पंचायतीला आधी दिलेल्या अर्जाची पोच जोडा. पोच नसेल तर आधी तो अर्ज द्या, नाहीतर तिथेच परत पाठवतील.

पुण्याहून आलेली सून, सुदामा नगर

अपडेट. सासऱ्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आज ते स्वतः डबे घेऊन खाली गेले आणि नारळाच्या करवंट्या परत घेऊन आले. गाडीवरचा दादा म्हणाला, ओल्यात नको, वेगळ्या द्या. आता घरात वाद सुरू आहे की या माझ्या सासूबाईंनी ओल्यात टाकल्या की त्यांनी स्वतः. तुमच्याकडे करवंट्या कशात घेतात?