मक्यातलं तण: बाया लावायच्या की पंप काढायचा?

उमरेडचा_मकेवाला:
यंदा सोयाबीन सोडून पहिल्यांदाच तीन एकर मका टाकला. माझं मत सरळ आहे, नाही पटलं तर भांडा. मक्यात निंदण आता परवडत नाही, तणनाशकच मारावं. आठवडाभर झड लागली, काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत फसतो. बैलं डवऱ्याला (कोळप्याला) जुंपायची कशी? गावातल्या बाया धानाच्या रोवण्याला गेल्या. मी पेरणीच्या दुसऱ्या दिवशी ओलीवर अ‍ॅट्राझिन मारलं, एकरी 600 ग्रॅम, 200 लिटर पाण्यात. आज विसावा दिवस, वावर साफ आहे. शेजाऱ्याच्या वावरात मका शोधावा लागतो, केनाच, म्हणजे तणच, दिसतो.

काटोलकर:
साफ दिसणारच, पहिले 20 दिवस. मक्याचं तणाशी खरं भांडण 15 ते 45 दिवसांच्या मधात असते. आता नवीन गवत उगवलं की काय करशील? आणि लव्हाळ्याचं काय? त्याच्या गाठी जमिनीत, अ‍ॅट्राझिन त्याला विचारतही नाही. डवरणी एक-दोनदा झालीच पाहिजे. तण जाते, भेगा बुजतात, झाडाला मातीही लागते. हे फवाऱ्यानं होते का?

उमरेडचा_मकेवाला:
डवरणीला मी नाही म्हटलंच नाही भाऊ. वाफसा येईल, म्हणजे चिखल सुकेल, तेव्हा करीन. वाफसाच येत नाही तर काय करू?

सावनेर_१२एकर:
उगवल्यावरही औषध आहे की. टेम्बोट्रिओन, एकरी 115 मिली, सोबत चिकटद्रव्य. तण दोन ते चार पानांवर असतानाच मारायचं. चार-पाच दिवसांत गवत असं पांढरं पडते, जणू चुन्यात बुडवून काढलं. मका मात्र हिरवागार. गवत गुडघ्याला लागल्यावर मारलं तर पैसे पाण्यात. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वेगळं मिळते.

कुहीची_शेतकरीण:
सगळे पंपाचंच बोलून राह्यले, मधातल्या तुरीचं कोणी बोलत नाही. आमच्याकडं मक्यात तुरीच्या ओळी असतात. गेल्या साली दुकानदारानं न विचारता अ‍ॅट्राझिन दिलं. मका वर आला, तूर उगवली न् कडेनं पिवळी पडत गेली. आठ दिवसांत ओळीच्या ओळी गायब. मका ते औषध आपल्या अंगात जिरवून निकामी करतो, तुरीला ते जमत नाही. मिश्र पीक असेल तर पेरल्याबरोबर पेंडीमिथॅलिन, नाहीतर हात. टेम्बोट्रिओनही तुरीवर चालत नाही.
आणि बाया मिळत नाहीत म्हणता, तर रोवण्याच्या दिवसांत किती रोजी देऊन पाहिली? मी निंदणाचा केना म्हशीला घालते, तो हिशेबात धरा.

उमरेडचा_मकेवाला:
ताई, तुरीचं मान्य. माझा मका एकटाच आहे म्हणून मी बेफिकीर होतो. रोजीचं मात्र नाही पटत. आमच्याकडं बाई 350 मागते, एकराला आठ बाया, दोन निंदण. मक्याचा भाव पाहा न् हिशेब करा.

काटोलकर:
यवतमाळात 2017 साली फवारणीतून 20 च्या आसपास माणसं गेली, हे विसरलात काय राजेहो?

सावनेर_१२एकर:
ते पऱ्हाटीवरचे, म्हणजे कापसावरचे, कीटकनाशकाचे फवारे होते भाऊ, उंच पिकात, मिश्रण करून. तणनाशक घोट्याखाली मारतो आपण. गल्लत करू नका. बाकी हातमोजे-मास्क लावावेच, त्यात वाद नाही. उलट 2020 साली केंद्रानं बंदीच्या मसुद्यात 27 औषधं टाकली होती, अ‍ॅट्राझिन आणि 2,4-डी ही दोन्ही तणनाशकं त्यात होती. ते काढा चर्चेला.

कुहीची_शेतकरीण:
मक्यानंतर हरभरा घेणार ना? मग डोस वाढवू नका. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) जास्त. अशा जमिनीत अ‍ॅट्राझिन लवकर विरत नाही. पाऊस कमी झाला तर हरभऱ्याला दणका बसतो.

उमरेडचा_मकेवाला:
हरभराच घ्यायचा आहे. डोस तर नाही वाढवला. बरं, रविवारी याच पंपानं पऱ्हाटीवर तुडतुड्याचा फवारा काढायचा आहे.

कुहीची_शेतकरीण:
थांबा. या पंपात 2,4-डी भरलं होतं का?

उमरेडचा_मकेवाला:
हो, धुऱ्यावरच्या गाजर गवतासाठी. पाण्यानं खंगाळला आहे.

कुहीची_शेतकरीण:
खंगाळून ते जात नाही. पऱ्हाटीला त्याचा वासही चालत नाही, पानं भेंडीच्या पानासारखी फाटून येतात. धुण्याच्या सोड्यानं रात्रभर भिजत ठेवा, नळी आणि नोझल सोडवून. खरं विचाराल तर रविवारी शेजाऱ्याचाच पंप मागा.

उमरेडचा_मकेवाला:
शेजारी म्हणजे तोच केनावाला. त्याच्या दारात आता कोणत्या तोंडानं जाऊ?