मंदारच्या गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा (आपल्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

शनिवार

मंदार (रात्री ९:०५): अण्णाकाका, जागे आहात का? ओहायोत सकाळचे साडेअकरा वाजलेत. मी हायवेच्या कडेला थांबलोय. गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा चालता चालता शून्यावर गेला.

मंदार (९:०६): इंजिन लगेच बंद केलंय.

अण्णाकाका (९:०८): बंद केलंस ते बरं केलंस. आता परत स्टार्टर मारू नकोस. आणि आधी सांग, तू गाडीबाहेर आहेस ना? रस्त्यापासून लांब?

मंदार: हो काका, रेलिंगच्या पलीकडे गवतात उभा आहे. ऋजुता घरीच आहे.

आत्या: कुठली गाडी रे? ती मोठी की लाल?

मंदार: लाल, आत्या. माझदा मियाटा, १९९२ ची. दोन माणसांची, छत उघडणारी.

अण्णाकाका: आता एकेक सांग. काटा हळूहळू उतरला की एकदम पडला? पडल्यावर पुन्हा हलला का? इंजिनातून ठोके आले का? ऑइलपट्टी काढून बघ, तेल कुठवर आहे, पातळ झालंय का, पेट्रोलचा वास येतोय का, दुधाळ दिसतंय का.

मंदार (९:२१): एकदम पडला. इंजिन गरम असताना काटा सिग्नलला ३० च्या जरा खाली असतो आणि पळताना ५० च्या आसपास. आज ५० वरून शून्य. मग पुलाचा जोड लागला तेव्हा पार ९० पर्यंत उडाला आणि लगेच खाली आला. ठोके नाहीत. वरून बारीक टिकटिक येते, पण ती गाडी घेतल्यापासून आहे. तेल वरच्या खुणेपाशी आहे. रंग मधासारखा, वास नाही.

प्राची: मंदारदादा, आकडे पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड) ना?

मंदार: हो. डायलवर ०, ३०, ६०, ९०.

अण्णाकाका: माझ्या हिशेबात ५० म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. ठीक आहे. हे बघ, तेलाचं प्रेशर असं उड्या मारत नसतं. पंप झिजला, बेअरिंग झिजलं, जाळी तुंबली, तर काटा दमत दमत खाली येतो, आधी गरम इंजिनवर आणि स्लोला, म्हणजे रेस न देता. खड्ड्यासरशी शून्यावरून नव्वदवर जाणारा काटा विजेचा आहे, तेलाचा नाही. माझा अंदाज सेंडर, म्हणजे इंजिनवर बसून काट्याला प्रेशर कळवणारा भाग, किंवा त्याची वायर.

मंदार: मग चालवत घरी नेऊ? १८ मैल आहे फक्त.

अण्णाकाका: नाही. अंदाजावर इंजिन चालवायचं नसतं. उचलून ने.

ऋजुता: काका, टोवाल्याला फोन केलाय. ४० मिनिटांत येतो म्हणाला. मंदार, पाणी आहे ना जवळ?

मंदार: आहे.

आत्या (९:४०): अण्णा, मला एक कळत नाही. तेल आहे म्हणतोय, मग काट्याची एवढी काळजी कशाला?

अण्णाकाका: तुमच्या बिल्डिंगच्या खालच्या टाकीत पाणी असतं. पण मोटर बंद पडली तर चौथ्या मजल्यावर येतं का? तसंच इंजिनचं. तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात. पंप ते उचलून क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाहूनही पातळ थर असतो तेलाचा. क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो, धातू धातूला लागत नाही. प्रेशर गेलं की थर गेला आणि मग मिनिटांचा खेळ असतो. ऑइलपट्टी सांगते टाकी भरली आहे. मोटर चालू आहे की नाही, ते हा काटाच सांगतो.

आत्या: कळलं. मंदार, उचलूनच ने रे बाबा.

रविवार

प्राची (सकाळी १०:१५): काकांनी मला फोनवर सगळं समजावलं. ग्रुपवर राहावं म्हणून लिहून काढते. त्यांच्याच शब्दांत.

"मंदार, मी दोन्ही चुका बघितल्यात. १९८७ साली गुळाने भरलेला एक ट्रक कराडला माझ्या गॅरेजसमोर थांबला. ऑइलचा दिवा पेटलेला. ड्रायव्हर म्हणाला, स्विच खराब आहे, वायर काढून टाका, डोळ्याला त्रास होतो. मी म्हटलं, तासभर थांब, बघतो. थांबला नाही. वायर स्वतःच उपटली आणि गेला. खंबाटकी घाटात इंजिन जाम झालं. क्रँक निळा पडला होता, बेअरिंग वितळून चिकटलेली. ही एक चूक.

दुसरी माझी. एक जीप आली, दिवा पेटलेला. मी घाबरून चेंबर उतरवलं, पंप खोलला, बेअरिंग कॅप काढून बघितल्या. दोन दिवस गेले, सगळं चांगलं निघालं. शेवटी बघतो तर स्विचची वायर ब्रॅकेटला घासून उघडी पडली होती आणि बॉडीला लागत होती. त्या माणसाचे पैसे मी घेतले नाहीत. पुढच्याच आठवड्यात पुण्याला जाऊन मेकॅनिकल गेज आणलं, वायरीशिवाय थेट तेलाचं प्रेशर दाखवणारं. त्यानंतर ३० वर्षांत प्रेशर मोजल्याशिवाय एकही चेंबर उतरवलं नाही आणि मोजल्याशिवाय एकही स्विच बदलला नाही."

प्राची: आता तपासणीचा क्रम. दादा, चावी ऑन, इंजिन बंद. काटा शून्यावर हवा. सेंडरची वायर काढ, तरी शून्यावरच हवा. मग वायरचं टोक क्षणभर बॉडीला टेकव. काटा वर टोकाला गेला तर डॅशबोर्डचं गेज आणि वायर दोन्ही चांगली. जास्त वेळ धरून ठेवू नकोस, गेज जळेल.

मंदार: स्कॅनर लावला तर कोड नाही का मिळणार?

प्राची: तुझ्या गाडीत नाही. अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरला बिघाडाचे कोड देणारी यंत्रणा, सक्तीची झाली १९९६ च्या मॉडेलपासून. आम्ही चाकणला हल्लीचे सेंसर तपासतो, त्यांना तीन वायरी असतात: पाच व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये फिरतो. तो हद्दीबाहेर गेला की कॉम्प्युटर पी०५२२ किंवा पी०५२३ टाकतो, म्हणजे व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त. खरंच प्रेशर कमी असेल तर पी०५२४. पण गंमत बघ, पी०५२४ आला तरी ते त्या सेंसरचंच म्हणणं. तोच खोटं बोलत असेल तर कोडही खोटा. तिथेही शेवटी मेकॅनिकल गेज लावूनच खात्री करतो. तुझ्या सेंडरला एकच वायर आहे. त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनच्या ब्लॉकला होतं.

मंदार (संध्याकाळी ७:५०): केलं. सेंडर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या शेजारी आहे. वरून दिसतच नाही, हात घालून चाचपावं लागतं. वायर काढल्यावर काटा शून्य. बॉडीला टेकवल्यावर थेट ९० च्या वर.

मंदार: आणि हा फोटो बघा. टोकावरचं रबराचं टोपण मागे सारलं तर आत तेल. टर्मिनलवर एक थेंब लोंबत होता. पुसला, पाच मिनिटांनी पुन्हा ओलसर. वायरचं आवरण त्या जागी ताठ झालंय, बोटाने वाकवलं तर कडकन तडकलं.

अण्णाकाका: सापडला. सेंडरचा पडदा फुटलाय किंवा कडेची घडी सैल झालीये. तेल आतून विजेच्या भागात आलंय. ही फार नेहमीची मरणाची रीत आहे त्यांची. तरी गेज लाव.

मंदार: नवीन सेंडर आजच मागवतो.

प्राची: थांब, वर्ष बघून मागव. १९९४ पर्यंतच्या मियाटात प्रेशरप्रमाणे हलणारं खरं गेज होतं. १९९५ पासून माझदाने तिथे स्विच दिला. थोडंसं प्रेशर आलं की काटा मध्यावर जाऊन उभा राहतो आणि तिथेच राहतो. दोन्हींचे सेंडर वेगळे. दुकानात "नव्वद ते सत्त्याण्णव सगळ्यांना चालतो" म्हणतील, ऐकू नकोस.

अण्णाकाका: काटा मध्यावर उभा करून ठेवायचा? मग गेज दिलं कशाला, दिवाच द्यायचा.

प्राची: काका, हलणारा काटा बघून लोक उगाच घाबरतात. गरम इंजिन स्लोला आलं की तेल पातळ, प्रेशर कमी, हे सगळ्यांना माहीत नसतं.

अण्णाकाका: मग माहीत करून द्यावं. मला नाही पटत. गरम झाल्यावर काटा कुठवर उतरतो, यावरून इंजिनचं वय कळतं. तीच खूण काढून घेतली.

बुधवार

मंदार (पहाटे ५:१०): काका, अडलोय. मेकॅनिकल गेजचा किट आणला. त्याचा अडॅप्टर दोन-अडीच आटे जातो आणि घट्ट होतो. पाना लावू का?

अण्णाकाका (५:४०): नको! हात थांबव. अडॅप्टरवर काय लिहिलंय?

मंदार: एक अष्टमांश, एनपीटी.

अण्णाकाका: तेच. तो अमेरिकन पाइप आटा, इंचाला २७. जपानी गाडीला ब्रिटिश पाइप आटा असतो, बीएसपीटी, इंचाला २८. आपल्या घरच्या नळाच्या पायपांचं घराणं तेच. दिसायला जुळे भाऊ, पण आट्याचा कोनही वेगळा. पाना लावलास की ब्लॉकमधले आटे जातील, मग सेंडरच्या जागी इंजिनचंच काम निघेल. एक अष्टमांश बीएसपीटीचा अडॅप्टर आण. बरोबर असला तर हाताने तीन-चार आटे लोण्यासारखा जाईल.

मंदार: बरं झालं विचारलं. ऑर्डर करतो.

आत्या: अण्णा, पहाटे पाच चाळीसला उठलास होय?

अण्णाकाका: उठलेलोच असतो. फोन उशाशी होता.

शनिवार

मंदार (रात्री ८:३०): बरोबर अडॅप्टर आला, हाताने गेला. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर टेपने चिकटवलीय. स्टार्ट करतो.

मंदार (८:३३): थंड इंजिन, ६०.

अण्णाकाका: छान. गरम होऊ दे. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की मग स्लोचं प्रेशर बघ. नंतर रेस ३००० वर धरून.

मंदार (८:५५): स्लोला २७. ३००० वर ५१.

प्राची: माझदाची ३००० ला अपेक्षा ४३ ते ५७ आहे. मस्त मध्यात बसलंय.

अण्णाकाका: जवळपास दोन किलो आणि साडेतीन किलो. त्या वयाच्या इंजिनला याहून जास्त मागू नये. बेअरिंग चांगली आहेत, पंप चांगला आहे. ती टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटची, त्या १६०० सीसी इंजिनात नेहमी असते. तेल वेळेवर बदलत जा, कमी होईल. आता सेंडर बसव. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून.

मंदार: टेफ्लॉन टेप लावू ना आट्यांना?

अण्णाकाका: टेप नको. एक तर त्याचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेत जाऊ शकतो. दुसरं, सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं, टेप जाड झाली तर काटा पुन्हा नाचेल. पातळ थ्रेड सीलंट घे, टोकाचे दोन आटे कोरडे सोडून बोटाने लाव. आणि आटा निमुळता आहे, आत जाईल तसा आवळत जातो. गोटी पान्याने बेताने. तळाला टेकेपर्यंत फिरवायचं नसतं, तसं केलं की सेंडरची मान मोडते.

मंदार: वायरचं काय?

प्राची: तडकलेला भाग कापून टाक. नवीन टर्मिनल क्रिंप कर, वर उष्णतेने आवळणारी नळी. तेल लागलेलं आवरण ठेवू नकोस, पुन्हा तडकेल.

ऋजुता (रात्री १२:४०): काका, तो गाडीखाली आहे, म्हणून मी लिहितेय. सेंडर बसला. जुना काढला तेव्हा चमचाभर तेल आलं, खाली फडकं होतं. मी चावी फिरवली, काटा शून्यावर. स्टार्ट केल्यावर दोन सेकंदांत वर गेला आणि ६० वर थांबला. हलतच नाहीये, म्हणजे थरथरत नाहीये. रेस दिली की मात्र हलतो.

अण्णाकाका: तसाच हवा. गरम झाल्यावर स्लोला किती, ते कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव. पुढे कधी काटा खाली वाटला तर त्या आकड्याशी ताडून बघता येईल.

आत्या: अण्णा, झोप आता.

अण्णाकाका: झोपतो. मंदारला सांग, जुना सेंडर टाकू नको, करवतीने कापून आतला पडदा मला दाखव. आणि रात्री गाडी फिरवून आणल्यावर सेंडरच्या बरोबर खाली एक कोरा पुठ्ठा ठेव. सकाळी त्याचा फोटो.

रविवार

मंदार (संध्याकाळी ५:०५): (फोटो)

मंदार: काका, काल ३० मैल फिरवली, आम्ही दोघं, छत उघडून. गरम स्लोला २६. पुठ्ठा कोरडा आहे.