आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) डोळ्यांनी दिसतंय, रेडिओत मात्र नुसती खरखर. चुकतंय कुठं?

वाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घर मंगळवार पेठेत. रेडिओतलं शिक्षण शून्य. तांब्याच्या तारेशी मात्र बावीस वर्षांची ओळख. त्या जोरावर हे धाडस केलं आणि पोरीसमोर तोंडावर पडलो.

झालं असं की अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावरून हॅम (म्हणजे हौशी लोकांच्या) रेडिओवर मुलांशी गप्पा मारल्या. त्याचा व्हिडिओ आमच्या कन्येनं बघितला. ती आठवीत आहे. म्हणाली, "बाबा, त्यांचा रेडिओ आपल्या गच्चीवर लागंल का?" मी म्हटलं, न लागायला काय झालं, ४०० किलोमीटर तर वर आहे, कोल्हापूर-मुंबईपेक्षा थोडंच जास्त. बोलून बसलो आणि अडकलो.

यूएसबीचा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) मागवला. व्हिडिओत बघून व्ही आकाराचा डायपोल अँटेना केला: दोन दांड्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मधला कोन १२० अंश. दांड्यांना दुकानातलीच जाड तांब्याची तार घेतली, टोकांचं इनॅमल ब्लेडनं नीट खरवडलं (ते विसरलो असतो तर दुकानाची पाटीच उतरवली असती). मध्ये वायरिंगचा काळा कनेक्टर, खाली पीव्हीसी पाइप. गच्चीवरून खोलीपर्यंत जुन्या डिशची केबल ओढली, १८ मीटर भरली.

पहिल्यांदा त्या व्हिडिओत सांगितलेला नोआ-१९ हा हवामानाचा उपग्रह लावला, १३७.१०० मेगाहर्ट्झ. तीन दिवस, तीन फेऱ्या, काही नाही. मग म्हटलं थेट आयएसएसच धरू, १४५.८००. ॲपनं सांगितलं संध्याकाळी ७:५२, जास्तीत जास्त उंची ४१ अंश. राधानगरीच्या अंगानं उगवणार, पन्हाळ्याच्या वरनं जाऊन सांगलीकडं मावळणार. आणि खरंच आलं हो! घड्याळ लावल्यासारखं. एवढा लखलखीत ठिपका, लुकलुकत नाही, आवाज नाही, सरळ निघालेला. पोरगी नाचायला लागली. मी खोलीत स्क्रीनला डोळे लावून, आणि कानात खर्रर्रर्र. आठ मिनिटं तेच. वरून विचारणा सुरू, "बाबा, काय म्हणाले?"

अजून एक. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल वरून खाली सरकताना दिसतात तो आलेख) सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसतात, लाकडी कुंपण घातल्यासारख्या. उपग्रह असो नसो, त्या असतातच.

केबल बदलू? अँप्लिफायर घेऊ? की पन्हाळ्याचा डोंगर आडवा येतोय? आधीच दोन हजार घालवलेत, आणि आईनं काल एका दांडीवर टॉवेल वाळत घातला होता. म्हणजे घरात या यंत्राला किती मान आहे ते समजून घ्या.

गच्ची_नंबर_३

भाऊ, केबलमध्येच घोळ आहे. डिशची केबल ७५ ओहमची, डोंगल ५० ओहमचा. जुळणारच नाही. ५० ओहमची आरजी-५८ आणा आणि सोबत एलएनए (कमी खरखरीचा अँप्लिफायर) लावा, काम फत्ते. पन्हाळ्याच्या बाजूला सिग्नल दबणार हेही आहेच.

खरखर_अण्णा

वाइंडिंगवाले, खिशातला हात आधी बाहेर काढ. काही विकत आणू नकोस.

तुझं यंत्र बिघडलंय असं तू धरून चाललायस. मला तसं अजिबात वाटत नाही. तू दोन बंद दुकानांची कडी वाजवलीस आणि आतून कोणी ओ दिली नाही म्हणून स्वतःच्या कानावर शंका घेतोयस.

पहिलं दुकान नोआ. नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद केला, १९ आणि १५ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. त्यातला नोआ-१५ तर १९९८ पासून फिरत होता. आम्ही सगळे त्यांच्याच टिकटिकीवर शिकलो. नेटवर जेवढे "घरबसल्या उपग्रहाचं चित्र मिळवा" व्हिडिओ आहेत त्यातले निम्मे अजून त्यांच्याच नावानं चालतात. करणाऱ्यानं केला, काढायला कोण जातंय.

दुसरं दुकान आयएसएस. १४५.८०० वर माणसं दिवसभर बोलत बसलेली नसतात रे. त्यांना वर कामं असतात. शाळेशी ठरलेली बातचीत असली, किंवा एसएसटीव्हीचा (आवाजातून चित्र पाठवायची पद्धत) कार्यक्रम लावून चित्रं सोडत असले, की तेवढ्या दिवसांत तिथं आवाज. एरवी ठिपका डोक्यावरून जाईल आणि त्या फ्रिक्वेन्सीवर चिडीचूप. वर त्या शाळेच्या गप्पांची एक गोची असते: वरून येणारी उत्तरं तुला ऐकू येतील, पण ज्या गावातून प्रश्न विचारतात ते गाव लांब असेल तर प्रश्न ऐकू येणार नाहीत. आणि स्थानक त्या वेळी आपल्याही क्षितिजाच्या वर पाहिजे. युरोपातल्या शाळेशी बोलत असतील तर आपल्याला काय घंटा ऐकू येणार.

मग तपासायचं कशावर? ज्याचं दुकान सहसा उघडं असतं त्याच्यावर. रशियाचा मेटिओर-एम २-४ घे, १३७.९ मेगाहर्ट्झ, तिथं नसला तर १३७.१ वर बघ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला आहे, ८०० किलोमीटरच्या वर फिरतो, त्यामुळं फेरीही आयएसएसपेक्षा लांबते. हा डिजिटल आहे, कानाला नुसती जाड खरखर लागेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. वॉटरफॉलवर शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झ रुंदीचा एक फुगवटा उगवताना दिसला की समज, तुझी तार, केबल, डोंगल सगळं ठणठणीत. चित्र काढायला सॅटडंप हे सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे. तुझी दांडी तशीही १३७ च्या मापानंच कापलेली आहे. दांड्या आडव्या ठेव आणि व्हीची मधली रेघ उत्तर-दक्षिण कर, कारण हा ध्रुवावरून ध्रुवाकडं जातो.

आयएसएसच हवं असेल तर १४५.८२५ लाव. तिथं पॅकेटचा (रेडिओवरून जाणारे छोटे डिजिटल संदेश) डबा असतो, वरच्या यंत्रातून 'ब्रर्रट' असा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा आवाज येतो. किंवा ४३७.८०० वरचा रिपीटर (खालून आलेला आवाज परत खाली सोडणारं यंत्र). पण वरचे मोड बदलत असतात, फेरीच्या आधी एआरआयएसएसच्या (आयएसएसवरचा हॅम रेडिओ सांभाळणारी संस्था) पानावर काय चालू आहे ते बघून घ्यायचं.

आता केबल. गच्ची_नंबर_३ यांचं म्हणणं प्रसारणाच्या बाबतीत विचार करण्यासारखं आहे, ऐकण्याच्या बाबतीत नाही. ७५ आणि ५० च्या न जुळण्यानं जातं एका डेसिबलच्या (सिग्नल किती घटला याचं माप) पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे काहीच नाही. उलट १४५ मेगाहर्ट्झला तुझी १८ मीटर डिशची केबल दीड-दोन डेसिबल खाते, आणि बारीक आरजी-५८ तेवढ्याच लांबीत साडेतीन-चार खाईल. पैसे देऊन तोटा.

पन्हाळा राहू दे बिचारा. वीस किलोमीटरवर चारशे मीटर उंच, म्हणजे तुझ्या गच्चीवरून जेमतेम एक अंश. तुझ्या शेजारची चार मजली इमारत त्याच्या तीसपट आडवी येत असेल, ती बघ आधी.

डोंगलचा काटाही तपास. स्वस्तातल्यांचा मुळातच सरकलेला असतो. ५० पीपीएमची (दहा लाखांत पन्नास) चूक म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला सात किलोहर्ट्झ इकडंतिकडं. डॉप्लरमुळं (जवळ येताना फ्रिक्वेन्सी चढते, लांब जाताना उतरते) आयएसएस १४५.८०३ च्या आसपास उगवतं आणि १४५.७९७ ला मावळतं, ते तीन-साडेतीनच. म्हणजे वरच्याच्या धावपळीपेक्षा तुझ्या हातातल्याची चूक दुप्पट. आणि मोड एनएफएम (अरुंद एफएम) पाहिजे, गाण्याचा डब्ल्यूएफएम (रुंद) नाही. गेन (सिग्नल वाढवायची पट्टी) शेवटपर्यंत ताणू नकोस, शहरातली एफएम केंद्रं आत घुसतात.

सगळ्यात महत्त्वाचं ते कुंपण. सारख्या अंतराच्या रेघा आकाशातून येत नाहीत, त्या घरातून येतात. कुठला तरी चार्जर, एलईडी, इन्व्हर्टर. लॅपटॉप बॅटरीवर घे आणि घराचा मेन स्विच पाड. रेघा गेल्या तर चोर घरात. मग एकेक एमसीबी वर करत जा. तू वायरिंगवाला माणूस, तुला हे मी शिकवायला नको.

जाता जाता. ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ बरोबर पीएसएलव्हीनं आपला हॅमसॅट हा हॅम रेडिओचा उपग्रह वर गेला, साडेबेचाळीस किलोचा. त्याच्यावरून पहिल्यांदा बोललो ते कसबा बावड्यात भावाच्या गच्चीवर उभं राहून, स्टीलच्या मोजपट्टीच्या तुकड्यांची यागी अँटेना हातात धरून. उजव्या हातात अँटेना, डाव्या हातात माईक, आणि वहिनी कागदावर नाव लिहून घेतायत. पलीकडचा श्रीलंकेतला होता. जुलै २०१४ मध्ये बॅटरीनं दगा दिला आणि तो गप्प झाला. त्या दिवशी मी घरात कोणाशी नीट बोललो नव्हतो, हे बायको अजून सांगते.

दुर्बीण_आणि_दोरी

अण्णांनी सगळं सांगितलंच आहे. माझे दोन शब्द एसएसटीव्हीबद्दल, कारण कार्यक्रम जाहीर झाला की लेक मागं लागणारच.

फोन स्पीकरसमोर धरून ॲपमध्ये चित्र काढता येतं, आम्ही पहिलं तसंच काढलं. त्यात मागून कुकरची शिट्टी झाली आणि त्या जागी चित्रात पांढरा पट्टा उमटला. त्यामुळं आवाज आधी रेकॉर्ड करा, डीकोड सावकाश करा. एक चित्र दोन मिनिटांचं असतं, मध्ये थोडी विश्रांती, म्हणजे एका चांगल्या फेरीत तीन-चार मिळतात आणि त्यातली पहिली-शेवटची अर्धवट. चित्र तिरकं आलं तर घाबरू नका, साउंडकार्डाचं घड्याळ थोडं पुढंमागं असतं, सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं.

आणि हो, ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं. परवान्याशिवाय माईकचं बटण दाबायचं नाही. परीक्षेला वयाची अट बारा वर्षं आहे, म्हणजे आठवीतली कन्या बसू शकते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स (टिकटिक-कडकट्टची लिपी) लागत नाही.

वाइंडिंगवाला

चार दिवसांनी लिहितोय. अण्णा, नमस्कार घ्या.

रविवारी सकाळी मेन स्विच पाडला. कुंपण गायब! आई स्वयंपाकघरातून ओरडली, मिक्सर चालू होता. मग एकेक एमसीबी वर केला. हॉल, काही नाही. बेडरूम, काही नाही. मधल्या खोलीचा वर केला आणि रेघा परत उभ्या. त्या खोलीत पंखा, ट्यूब आणि देवघर. पंखा नाही, ट्यूब नाही. देवघराभोवतीची एलईडीची माळ! दिवाळीला लावलेली, तेव्हापासून चोवीस तास चालू. अडॅप्टर उघडून बघितला तर आत फिल्टरचा पत्ता नाही, कॉइलची जागा रिकामी सोडून तार सरळ जोडलेली. माझ्या दुकानात कोणी असं काम केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

माळ बंद करून मेटिओर २-४ ची सकाळची फेरी धरली. फुगवटा आला, तुम्ही म्हणालात तसाच, उत्तरेकडून हळूहळू जाड होत. शेजारच्या इमारतीमागं गेला तेव्हा तुटला, नंतर परत लागला. सॅटडंपनं चित्र बाहेर काढलं. खाली काळा पट्टा आहे, पण कोकणचा किनारा स्वच्छ, समुद्रावर ढगांचे पुंजके, उजनीचा काळा डाग. आमची कन्या स्क्रीनला नाक लावून अर्धा तास रंकाळा शोधत होती. मी सांगितलं, अगं एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर, आख्खा रंकाळा एका ठिपक्यात बसतो. तरी तिनं एक ठिपका नक्की केलाय, त्याला बाण काढलाय आणि शेजारपाजारच्यांना दाखवत फिरतेय.

आयएसएसचं म्हणाल तर परवा १४५.८२५ वर अकरा वेळा 'ब्रर्रट' ऐकलं. ती मोजत होती. "बोलले नाहीत, पण खोकले तरी," असं तिचं म्हणणं. परीक्षेचं तिच्या कानावर घातलंय, माझ्यापेक्षा तीच आधी पास होईल असं दिसतंय.

आता खरी अडचण. फेरी रोज वेगळ्या वेळी. परवाची नेमकी संध्याकाळी दिवेलागणीला होती, आणि आई म्हणते दिवेलागणीला देवापुढं अंधार करायचा नाही, तुझा उपग्रह थांबेल म्हणावं. त्याला थांबवता येत नाही हे मी तीनदा सांगून बघितलं.

खरखर_अण्णा

आईंच्या माळेला हात लावायचा नाही! अडॅप्टरच्या तोंडाशी, माळेकडं जाणाऱ्या दोन्ही तारा एकत्र धरून फेराईटच्या कड्यातून सात-आठ वेढे घाल. कडं भंगारातल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये मिळेल. वेढे घालण्याबद्दल तुला काय सांगायचं. पण दोन्ही तारा एकत्रच, नाहीतर उपयोग नाही.

वाइंडिंगवाला

नऊ घातले. कुंपणाच्या दोन फळ्या उरल्यात, बाकी साफ. माळ चालू आहे, आई खूश आहे. टॉवेलसाठी वेगळी दोरी बांधून दिली.