गाडीची किरकोळ कामं घरीच करायची आहेत, कुठवर हात घालावा?

चौथा_गिअर:

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक दहा वर्षांची आहे. वापरलेली घेतली, पण गाडीचं मॅन्युअल सोबत मिळालं. सकाळी गॅरेजला गाडी सोडायची, संध्याकाळी बिल भरायचं आणि आत नेमकं काय केलं ते कळायचं नाही, याचा आता कंटाळा आलाय. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत. त्यात जो तो ‘एकदम सोप्पं आहे’ म्हणतो, त्यामुळे उलट जास्तच धास्ती वाटते.

सध्याची कामं अशी. बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साचलीये, ती साफ करायची. कूलंट खालच्या रेषेच्याही खाली गेलंय, तिथे साधं पाणी ओतलं तर चालेल का? ब्रेक ऑइलही जरा कमी दिसतंय. आणि इंजिन ऑइल स्वतः बदलायची फार हौस आहे. त्यासाठी गाडीखाली शिरावं लागेल. डिकीत गाडीसोबत आलेला जॅक आहे, आधाराला सिमेंटचे ब्लॉक मिळतील. पार्किंगला थोडा उतार आहे. यातलं काय करू, काय नको?

रविवारचा_मेकॅनिक:

वा, हौस महत्त्वाची! एअर फिल्टरपासून सुरुवात करा. बहुतेक गाड्यांत क्लिपा सोडवल्या की डबा उघडतो. एसीचा फिल्टर बऱ्याचदा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. वायपरची पाती बदलताना मात्र काचेवर जाड टॉवेल अंथरा. पातं निघालं की उभा केलेला नुसता दांडा स्प्रिंगच्या जोराने फाडकन खाली येतो आणि काचेला तडा जातो.

जॅकचं म्हणाल तर मी वर्षानुवर्षं डिकीतलाच वापरतोय. खाली शिरायचं, दोन मिनिटांत बाहेर. एवढं घाबरायचं कारण नाही.

दहा_बाराचा_पाना:

टॉवेलचा सल्ला लाखमोलाचा. जॅकचा सल्ला मात्र चौथा_गिअर यांनी वाचलाच नाही असं समजावं.

आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, आता फक्त स्वतःची आणि शेजाऱ्यांची गाडी बघतो. सोपं काम, अवघड काम अशी वाटणी मी करत नाही. काम बिघडलं तर कुणाला लागेल, एवढंच बघतो. एअर फिल्टर नीट बसला नाही तर इंजिनात धूळ जाईल, वाईटच, पण माणूस शाबूत राहतो. जॅक, ब्रेक, गरम रेडिएटर आणि बॅटरी यांचं तसं नाही.

आधी जॅक. डिकीतला जॅक रस्त्यात पंक्चर झालं तर एक चाक उचलून स्टेपनी लावण्यापुरता असतो. त्याचं बूड तळहाताएवढं. तो वजन सरळ वरून पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. आणि तुम्ही खाली आडवे होऊन चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन नटाला, म्हणजे ऑइल सोडायच्या नटाला, पाना लावून हिसका देणार, म्हणजे जोर आडवाच. लहान गाडी झाली तरी हजार किलोच्या आसपास वजन असतं. सिमेंटचे ब्लॉक तर जॅकपेक्षा वाईट. लोखंड निदान वाकताना दिसतं, ब्लॉक काही कळायच्या आत फुटतो. विटांचंही तेच. वीट चाकामागे अडवायला लावा, गाडीखाली टेकू म्हणून कधीच नाही.

खाली जायचंच असेल तर जॅक स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्यांची, जोडी हवी, गाडीच्या वजनाला पुरेल अशी, आणि जमीन सपाट, कडक. डांबर उन्हात मऊ होतं, त्यात स्टँडचे पाय रुततात. तुमच्या उताराच्या पार्किंगमध्ये हे करायचं नाही, विषय संपला.

हँडब्रेक लावलाय, गिअरमध्ये टाकलीये, आता गाडी कुठे जाते, असं बरेच जण म्हणतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचललीत तर ब्रेक लागलेली चाकंच हवेत! आणि पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढचं एक चाक उचललं की गिअरचा भरवसा संपला, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं. म्हणून जे टोक जमिनीवर आहे तिथल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचेच.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पट्टीवर असते. बोटांनी चाचपा. पत्र्याच्या खालच्या कडेला एकमेकींच्या जवळ दोन खाचा लागतील, जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मधे बसवायचं. एक वीतभर जरी सरकलं तरी पत्रा आत दबतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्या, मग उचला. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करा, शेवटचा ताण चाक जमिनीवर टेकल्यावर. आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

चाक बदलणं हे काम मी तुम्हाला मुद्दाम करायला सांगेन. सपाट जागा शोधा, दिवसाउजेडी, घाई नसताना एकदा चाक काढून परत लावा. कंपनीच्या मशीनने आवळलेला नट हाताने सुटत नाही आणि स्टेपनीत हवाच नाही, हे शोध रात्री पावसात हायवेवर लागण्यापेक्षा बरे.

बॅटरी. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढून ठेवा. सोडवताना काळी निगेटिव्ह आधी, लाल पॉझिटिव्ह नंतर, जोडताना बरोबर उलट. याचं कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही. गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट, आणि त्या करंटने पाना लाल होऊ शकतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर काही होत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून आसपास ठिणगी नको आणि विडी-सिगारेट तर नकोच.

भुकटी हाताने खरवडू नका, त्यात आम्ल असतं. हातमोजे, डोळ्याला चष्मा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने लावा, फेस येईल, फेस थांबला की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या भोकांत जाता कामा नये, झाकणं घट्ट आहेत ना बघा. शेवटी टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ हात. निगेटिव्ह काढल्यावर काही गाड्यांचा स्टीरिओ कोड मागतो, तो हाताशी ठेवा.

कूलंट. टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, मग वर कितीही जाड फडकं धरा. आतला दाब बाहेरपेक्षा साधारण 1 बार जास्त असतो, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. व्हिडिओत ‘इंजिन गार होऊ द्या’ म्हणतात आणि पुढच्याच शॉटमध्ये झाकण हातात! प्रत्यक्षात तासभर सहज जातो. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताला गार लागला की उघडा. रेडिएटरच्या पंख्यापासूनही हात लांब, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

साधं नळाचं पाणी नको, त्याने आत क्षार धरतात. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच कूलंट आणा, रंग बघून आणू नका, रंगाला काही प्रमाण नाही. पाणी न मिसळलेला घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितल्या प्रमाणात मिसळा. सांडलं तर लगेच धुवा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात.

ब्रेक ऑइल मात्र वाढवू नका. ब्रेकचे पॅड झिजत जातात तशी पातळी हळूहळू उतरते, ते कमी ऑइल म्हणजे पॅडची झीज आहे. वरपर्यंत भरलंत की नवे पॅड बसवताना तेच ऑइल बाहेर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग उडतो. पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर पॅड तपासून घ्या. एकाएकी उतरली असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर गाडी हलवायची नाही, गॅरेजवाल्याला घरी बोलवायचं.

कूपन_संपलं:

जॅकवरून आमच्या गल्लीतही रोज वाद. एक प्रश्न, स्टँड नसेल तर काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं तर?

दहा_बाराचा_पाना:

ठेवाच, पण स्टँडसोबत, स्टँडऐवजी नाही. गाडी पडलीच तर पूर्ण जमिनीवर येत नाही, एवढाच फायदा. त्या फटीत माणूस मावेल हे गृहीत धरू नका.

रविवारचा_मेकॅनिक:

बरं बाबा, मानलं. पण मग ऑइल बदलायचंच नाही का घरी? हा तर सगळ्यात मजेचा भाग.

दहा_बाराचा_पाना:

मजा आहेच, नाही कुठे म्हटलं. पण पहिल्या वर्षी मी नवख्या माणसाला ते सांगणार नाही. आधी ऑइलची पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) वाचायला शिका. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं, तो आकडा खोटा. ओतताना थोडं थोडं. वरच्या खुणेपुढे गेलं तर क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) त्यात घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

बदलणार असाल त्या दिवशी ऑइल कोमट असू दे, कढत नको. ड्रेन नटाचा वायसर नवा टाका आणि नट आधी बोटांनीच फिरवा. चेंबर बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा. जळकं ऑइल कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात नाही. कातडीलाही रोज रोज लागू देऊ नका, हातमोजे घाला. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निळी_नंबरप्लेट:

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाले हा धागा वाचत असतील तर, बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, तिथे काहीही करू नका. ती हाय व्होल्टेज लाइन आहे, मोठ्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात. वॉशरचं पाणी, वायपर, टायरची हवा, एसीचा फिल्टर एवढं आपलं.

हवा टायर गार असतानाच बघा. आकडा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरचा घ्यायचा, टायरच्या कडेवर छापलेला नाही. तो टायरला झेपणारा कमाल आकडा असतो.

चौथा_गिअर:

सगळ्यांचे आभार. सिमेंटचे ब्लॉक रद्द. बॅटरी आज साफ केली, पाना काका म्हणाले तसा खूप फेस आला! कूलंटही मॅन्युअल बघून आणलंय, उद्या सकाळी गार इंजिनावर भरते. एकच शंका उरली. ते मुळात कमी झालंच का?

दहा_बाराचा_पाना:

हा प्रश्न बरोबर विचारलात. बंद सर्किट आहे, वर्षभरात किंचित उतरलं तर ठीक, खालच्या रेषेच्याही खाली म्हणजे बहुधा कुठून तरी जातंय. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या खालच्या कडेला आणि वॉटर पंपाखाली टॉर्च मारा, वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसतो. पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओलसर लागतोय का तेही बघा, हीटरचा कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गळत असेल तर पाणी तिथे येतं. ऑइलच्या झाकणाच्या आत किंवा पट्टीवर दुधाळ साय दिसली तर कूलंट ऑइलमध्ये जातंय, हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका, मग गाडी चालवूच नका.

यातलं काहीच नसेल तर उद्या भरल्यावर टाकीवर मार्करने रेघ ओढा आणि आठवड्याने गार इंजिनावर पुन्हा बघा. रेघेखाली गेलं तर वरून ओतत बसू नका, गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून मागा आणि ती होताना तिथे उभ्या राहा.