इंग्रजी मजकूर-आधारित खेळात स्पेलिंग अमेरिकन ठेवावे की ब्रिटिश?

प्रश्न
आम्ही तिघे मिळून इंग्रजीत एक मजकूर-आधारित खेळ लिहीत आहोत. खेळाडू आज्ञा टाइप करतो आणि खेळ वर्णनाने उत्तर देतो. कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनमध्ये घडते, मात्र खेळाडू बहुतांशी अमेरिकन असतील. सध्या एका लेखकाने लिहिलेल्या खेळातील खोल्यांत ‘ग्रे’ हा शब्द ‘ई’ने लिहिला आहे, दुसऱ्याच्या खोल्यांत ‘ए’ने, आणि ‘आर्मर’मधला ‘यू’ तर एकाच दालनात दिसतो आणि नाहीसाही होतो. निवड कोणत्या निकषावर करावी?

उत्तर 1
निकष निवेदकाचा असावा, ग्राहकाचा नव्हे. ‘कलर’मध्ये ‘यू’ दिसला म्हणून अमेरिकन वाचक अडखळत नाही. उलट ‘यू’ गाळणारी रूपे नोहा वेबस्टर यांच्या 1828 च्या कोशामुळे अमेरिकेत रुजली असल्याने लंडनच्या निवेदकाच्या तोंडी ती खटकतील. मात्र ब्रिटिश म्हणजे सरसकट ‘एस’ असे समजू नये. ऑक्सफर्डची पद्धत ‘कलर’मध्ये ‘यू’ ठेवते, ‘ऑर्गनाइझ’ ‘झेड’ने लिहिते आणि ‘अ‍ॅनलाइझ’ मात्र ‘एस’नेच. त्यामुळे नुसते ‘ब्रिटिश’ ठरवून भागणार नाही. कोणता कोश प्रमाण मानायचा, हेही तिघांनी लिहून ठेवावे.

उत्तर 2
वरील मत मान्य आहे, पण ते खेळ जे दाखवतो त्यापुरतेच. खेळाडू जे टाइप करतो त्यात दोन्ही रूपे स्वीकारलीच पाहिजेत, कारण समोर चिलखत पडलेले असताना ‘अशी वस्तू येथे नाही’ असे उत्तर मिळणे म्हणजे खेळाडूला त्याच्या शाळेची शिक्षा देणे होय. असे खेळ लिहिण्याच्या इन्फॉर्मसारख्या साधनात पर्यायी शब्द एका ओळीत जोडता येतो. मजकूर-आधारित खेळ बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीच्या सुरुवातीच्या खेळांत शब्दाची पहिली 6 अक्षरेच तपासली जात, म्हणून ‘अपॉलजाइझ’ कसेही लिहिले तरी चाले. ‘आर्मर’ला मात्र ती सवलत नव्हती, कारण तिथला फरक पाचव्या अक्षरावरच पडतो.

उत्तर 3
स्पेलिंगपेक्षा मोठा धोका शब्दार्थाचा आहे. ब्रिटिश ‘फर्स्ट फ्लोअर’ तळमजल्याच्या वर असतो, अमेरिकन ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे बहुधा तळमजलाच. ज्या खेळात नकाशा खेळाडूच्या मनातच तयार होतो, तिथे एवढ्याने सगळा जिना चुकतो. अशा ठिकाणी ‘ग्राउंड फ्लोअर’ हा शब्द आधी वर्णनात आणून ठेवावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दाखवायचे ब्रिटिश, स्वीकारायचे दोन्ही, असे आम्ही ठरवत आहोत. कथेत एक अमेरिकन पात्र पत्र लिहिते. तेही ब्रिटिश रूपात आणावे का?

उत्तर 1
मुळीच नाही. बाकीचा मजकूर काटेकोर असेल, तर त्या पत्रातला गाळलेला ‘यू’ लेखक कोण हे सांगणारा धागा ठरू शकेल. फक्त संपूर्ण प्रकल्पावर ‘शोधा आणि बदला’ चालवू नका. पत्र तर बिघडेलच, शिवाय प्रोग्रॅममधील व्हेरिएबलची नावेही बदलतील.