जुन्या चित्रपटांना आणि मालिकांना गुण देताना कोणते माप धरावे?

प्रश्न : वहीवाला, अंबाजोगाई

सर्वांना नमस्कार. गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी एखादा जुना चित्रपट किंवा दूरदर्शनवरील जुन्या मालिकेचे दोन-तीन भाग पाहण्याचा परिपाठ सुरू झाला आहे. पाहून झाल्यावर प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि मी ते तारखेसह वहीत लिहायचे, असा नियम मुलीने घातला. मी निवृत्त शिक्षक आहे. गुण देण्यात बत्तीस वर्षे गेली, परंतु तेव्हा आदर्श उत्तरपत्रिका समोर असे. येथे तसे काहीच नसल्याने वही भरत चालली आहे तसतशी माझी अडचणही वाढत चालली आहे.

दोन नोंदी देतो. प्रभातच्या ‘कुंकू’ला (१९३७) मी सात गुण दिले, तर मुलीने आणि सुनेने प्रत्येकी नऊ. म्हाताऱ्याशी फसवून लावून दिलेले लग्न नाकारणारी शांता आपटे यांची नीरा, आणि पार्श्वसंगीत न वापरता केवळ प्रसंगातल्या आवाजांवर तोललेला चित्रपट, या दोन्ही गोष्टी त्यांना आजच्या वाटल्या. याउलट ‘धूमधडाका’ला (१९८५) मी नऊ दिले आणि त्या दोघींनी चार व पाच. हा चित्रपट मी डी.एड.ची शेवटची परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी मित्रांबरोबर पाहिला होता, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे चित्रपट किती जुना आहे, ही खरी अडचण नसावी. नव्वदीकडे झुकलेला चित्रपट मुलींना आवडतो आणि माझ्या तारुण्यातला आवडत नाही.

तेव्हा गुण त्या काळाच्या मापाने द्यावेत की आजच्या? आणि प्रत खराब असेल, संवाद घुमत असतील, त्यात उन्हाळ्यात कूलर सुरू असेल, तर त्याची वजावट कुणाच्या खाती टाकावी?

उत्तर १ : गोदाकाठ, परभणी

सर, मी काही वर्षे चित्रपटगृहात मशीनवर ऑपरेटर होतो, त्यामुळे आधी प्रतीविषयी लिहितो. चित्रपट आणि प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि वहीत त्यांचे दोन वेगळे रकाने असले पाहिजेत.

प्रभातच्या काळातील चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, म्हणजे ४:३ च्या अगदी जवळची असते. आजचा घरातील टीव्ही १६:९ चा असतो. अशा टीव्हीवर जुने चित्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून दिसले, तर ते बरोबर दिसते आहे असे समजावे. पट्ट्या नकोत म्हणून चित्र आडवे ताणले, तर सगळी पात्रे बुटकी आणि रुंद होतात; आणि ताणण्याऐवजी वरखाली कापून पडदा भरला, तर चित्राचा एक चतुर्थांश भाग नाहीसा होतो. दिग्दर्शकाने ज्या कपाळासाठी आणि ज्या हातांसाठी दिवे लावले, तेच मग पडद्याबाहेर राहतात. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन एकदा पाहावे, मात्र इंटरनेटवर चढवतानाच कुणी चित्र कापले असेल तर तेथे काही उपाय चालत नाही.

वेगाचाही एक घोळ असतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, तर आपल्याकडील जुने दूरचित्रवाणी तंत्र २५ चौकटींचे होते. त्या तंत्रासाठी केलेल्या अनेक प्रतींमध्ये १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. रंगीत चित्रपट गुलाबी दिसत असेल, तर छायाचित्रकाराला बोल लावू नये; ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या प्रती कालांतराने तशाच पडतात. कूलरचे म्हणाल, तर १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रण कूलरच्या घरघरीसमोर टिकत नाही. आम्ही घरी असे चित्रपट पाऊस पडल्यावरच लावतो.

काळाच्या मापाविषयी माझा नियम असा आहे की, जे त्या काळी शक्यच नव्हते त्याचे गुण कापू नयेत, परंतु जे त्या काळीही शक्य होते आणि केले नाही, त्याचे अवश्य कापावेत. ‘संत तुकाराम’मधील (१९३६) वैकुंठाचे विमान आज खेळण्यासारखे वाटते, त्याला सूट द्यावी. त्याच चित्रपटातील गौरी यांची जिजाई मात्र कोणत्याही सवलतीविना आजच्या अभिनेत्रीसमोर उभी राहते. उलट एकच विनोद तीनदा सांगणे हा दोष १९८५ मध्येही दोषच होता. (आपल्या नऊ गुणांविषयी मी काही बोललेलो नाही, याची नोंद घ्यावी.)

उत्तर २ : सीमेवरचा, देगलूर

गोदाकाठ यांचा नियम तंत्रासाठी ठीक आहे, परंतु आठवणीचा प्रश्न त्याने सुटत नाही. माझा अनुभव सांगतो.

श्याम बेनेगल यांचे ‘अंकुर’ (१९७४) आणि ‘निशांत’ (१९७५) मी गेल्या वर्षी एकाच आठवड्यात पाहिले. दोन्हींची भूमी तेलंगणाची आहे. आपला मराठवाडाही सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. त्यांतील दखनी बोली पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला वातावरणनिर्मितीचे साधन वाटत असेल, पण आमच्या बाजारात ती रोज कानावर पडते, त्यामुळे पात्र तोंड उघडताच ते कोणत्या वाड्यातले आणि कोणत्या गल्लीतले हे आम्हाला कळते. ‘निशांत’मधील जमीनदाराच्या भावांनी शिक्षकाच्या पत्नीला उचलून नेल्यावर तो शिक्षक एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत खेटे घालतो, तेव्हा आजोबांनी सांगितलेल्या निजामी अमलातील गोष्टी मला आठवू लागल्या. मी नऊ गुण दिले. कोल्हापूरच्या माझ्या मेहुण्यांनी साडेसहा दिले आणि चित्रपट संथ असल्याचे सांगितले.

यात मी पक्षपाती ठरलो, असे मला वाटत नाही. मला चित्रपटातील जे दिसले ते त्यांना दिसले नाही, इतकाच फरक आहे. आपल्या ‘धूमधडाका’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण परीक्षा संपल्याचा आनंद त्या चित्रपटात नव्हता, तो आपण बाहेरून आत नेला होता. आठवण पडद्यावरचे काही उलगडून दाखवत असेल तर तिला गुणांत धरावे, आणि ती केवळ शेजारी बसली असेल तर शेऱ्यात लिहावी.

उत्तर ३ : मालिकाप्रेमी, लातूर

वरील सर्वांनी चित्रपटांचेच लिहिले आहे, म्हणून मालिकांविषयी थोडे लिहिते. मालिकेला चित्रपटाचे माप लावणे हीच मुळात चूक आहे. ‘महाभारत’चे ९४ भाग ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात आठवड्याला एक या गतीने पोहोचले. त्या काळी मागील रविवारचा भाग वीज गेल्याने चुकलेला असे, किंवा अर्धी आळी एकाच घरात बसल्याने संवाद ऐकू आलेला नसे. तेव्हा आरंभी कथेची उजळणी करणे आणि एखाद्या प्रतिज्ञेनंतर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवणे ही प्रेक्षकाची सोय होती. तेच आपण आता रात्री चार भाग सलग पाहतो आणि ‘फार रेंगाळते’ म्हणून दोन गुण कापतो. आमच्या घरी आम्ही हा प्रयोग केला : पहिले दहा भाग सलग पाहिले आणि पुढचे दहा दिवसाला एक याप्रमाणे पाहिले. सासूबाईंचे गुण तेच राहिले, माझे सहावरून आठवर गेले.

‘मालगुडी डेज’सारख्या कथामालिकेला तर एकत्रित गुण देऊच नयेत, कथेगणिक द्यावेत. ‘भारत एक खोज’च्या ५३ भागांचेही तसेच आहे, काही भाग उत्कृष्ट नाटकासारखे आहेत, तर काही वर्गातल्या धड्यासारखे.

उत्तर ४ : आकडेमोड, छत्रपती संभाजीनगर

काका, एक छोटी सूचना. वहीत घराची सरासरी काढत असाल तर ती काढू नका. नऊ, चार आणि पाच यांची सरासरी सहा येते आणि आपल्या घरात एकानेही सहा गुण दिलेले नाहीत. तिन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा, मतभेद हीच खरी माहिती आहे.

संकेतस्थळांवरील आकड्यांशी आपली वही ताडूनही पाहू नका. जुन्या मराठी चित्रपटाला अनेकदा मोजकेच लोक मत देतात आणि तेही बहुधा ज्यांना तो आवडतो तेच. याच कारणाने आयएमडीबी हे चित्रपटांचे संकेतस्थळ आपली अडीचशे चित्रपटांची यादी साध्या सरासरीवर लावत नाही. मते कमी असतील तर त्या चित्रपटाचा आकडा सर्व चित्रपटांच्या सरासरीकडे ओढला जातो.

वहीवाला, अंबाजोगाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वहीत नवे रकाने आखले : प्रत, गुण आणि शेरा. पिक्चर साइज तपासली, तर आमचा टीव्ही कुणी कधी बदलले कोण जाणे, प्रत्येक चित्र वरखाली कापूनच दाखवत होता. ती दुरुस्त करून ‘कुंकू’चा पहिला अर्धा तास पुन्हा पाहिला आणि माझे सात गुण मी खोडून आठ केले. खोडलेल्या आकड्यावर, शाळेतल्या सवयीने, आद्याक्षरेही केली.

देगलूरच्या मित्रांचे म्हणणे पटले, पण पूर्ण नाही. ‘धूमधडाका’समोर शेऱ्यात ‘परीक्षेची संध्याकाळ’ असे लिहिले आहे आणि गुण नऊच ठेवले आहेत. मुलीने त्याखाली पेन्सिलीने ‘फेरतपासणीस पात्र’ असे लिहून ठेवले आहे.

येत्या रविवारी ‘सिंहासन’ (१९७९) लावायचा विचार आहे. तो कृष्णधवल आहे हे मी अजून नातवाला सांगितलेले नाही.